मोहफुलाची माशी

कोसमघाट, पोस्ट एटापल्ली, जिल्हा चांदा
१४ नोव्हेंबर १९५६

इंदुबाईले वारलूचा रामराम.

मी वारलू सोमाजी मेश्राम. कोसमघाटच्या रेस्ट हाऊसखाली डोंगा चालवनाऱ्या सोमाजी ढीवराचा पोरगा. तुमचे वडील जंगल ऑफिसात हेडक्लार्क होते, तवा तुमी सुट्टीत त्याईच्यासंगं कँपवर येत होत्या. पत्ता गफ्फारभाईनं काढून देला. त्याईची मोटार चांद्यावरून एटापल्लीले येते. नागपुरात इंग्रजी शिकवनाऱ्या खानझोडेबाई म्हनलं तर त्याईले लगेच मालूम पडलं.

काम असं हाय. आता आमी मुंबई राज्यात गेलो. नवे साहेब आले. सारे कागद नव्यानं लिहून राह्यले. इथचा डोह जंगलखात्यातल्या गोऱ्या लंबरसाहेबाच्या काळापासून राखीव हाय. जाळं टाकाचं नाई, गरी बी शौकीन लोकाईनंच टाकाची. पन माहा बाप लंबरसाहेबासंगं गरी टाके, म्हून आमाले कोनी टोकलं नाई. चाळीस-पंचेचाळीस वर्ष तसंच चाललं. आता डोहाची यादी होऊन राह्यली. यादीत नाव नसन त्यानं डोहात गरी टाकाची नाई. नवे साहेब म्हनले, "तुझ्या बापानं इथे स्वतः मासे धरले, नुसती साहेबाची टोपली उचलली नाही, असा एखादा कागद आण. तुझ्या घराचं नाव लिहितो." मानूस वाईट नाई. पन कागद मांगते.

बाई, रेस्ट हाऊसच्या वऱ्हांड्यात पाटी हाय. महसीर मासा, एकतीस पौंड, २८ मार्च १९१२, खाली लंबरसाहेबाचं नाव. तो मासा माह्या बापानं धरला होता. मी पाह्यलं. पन तवा मी नऊ वर्षाचा होतो, माहं कोन मानते?

साहेबाच्या वह्या तुमच्या बाबाजवळ राहत. काही असन तर पाहा. आमच्याजवळ शेती नाई. नदी सोडून आमाले दुसरं काही येत नाई. यादी जानेवारीच्या शेवटी बंद होते.

माय अजून हाय. रुखमाबाई. तुमाले इचारते.

वारलू


धरमपेठ, नागपूर
२ डिसेंबर १९५६

चि. वारलू यास आशीर्वाद.

तुझं पत्र बारा दिवसांनी हाती आलं. पाकिटाला नदीचा वास येतो असं मला वाटलं. खरं म्हणजे तो गफ्फारभाईंच्या मोटारीतल्या तेलाचा असणार.

लंबरसाहेब हे नाव वाचून हसू आलं. त्यांचं नाव लँबर्न. पण माझे वडील सोडले तर कोसमघाटला ते कुणालाच नीट म्हणता येत नसे, आणि साहेबांनीही कधी कुणाला सुधारलं नाही.

त्यांच्या त्या छंदाचं मला फार अप्रूप होतं. सकाळी ते गुडघाभर पाण्यात उभे राहत. हातातली काठी मागे नेली की दोरी हवेत लांब जाई, क्षणभर तिथेच थांबे, मग पुढे येऊन पाण्यावर टेके. टोकाला पिसांची माशी बांधलेली असे. ती अशी अलगद बसे की पाण्यालाही कळू नये. पत्र्याच्या डबीत अशा पन्नास-साठ माशा, सगळ्या विलायतेहून आलेल्या, प्रत्येकीला नाव. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या मुलींनाही इतक्या काळजीने नावं दिलेली नव्हती.

मागे तुझे वडील टोपली घेऊन उभे असत. साहेबांची दोरी मागे येई ती त्यांच्या डोक्यावरून. ते वळून न पाहता मान खाली करत, दोरी पुढे गेली की वर करत. दिवसाला दोनशे वेळा तरी. एका माणसाच्या खेळासाठी दुसऱ्याची मान किती सराईत झाली होती, असं आज मनात येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा सगळं मिळून सुंदर दिसायचं, एवढंच.

वडिलांची ट्रंक माझ्याकडे आहे. तीत साहेबांची मासेमारीची वही आहे, शाईने लिहिलेली, पानोपानी सही असलेली. २८ मार्चच्या पानावर मासा साहेबांनी धरला असंच आहे. पाटी त्यावरूनच रंगवली. तेव्हा वहीचा तुला उपयोग होईल असं दिसत नाही. मला वाईट वाटतं.

तुझ्या डोहासाठी मी दुसरं काय करणार? एवढीच गळ घालते. नव्या साहेबांशी नीट वाग.

रुखमाबाईंना नमस्कार.

इंदुमती खानझोडे


कोसमघाट
१९ डिसेंबर १९५६

इंदुबाईले रामराम.

तुमी चिरंजीव लिहिलं. बाई, मले तीन नातू हायेत. माही बायको भागीरथा हसून हसून बेजार झाली. आता रोज सकाळी म्हनते, "चिरंजीव, डोंगा काढा, पलीकडं मानसं खोळंबली."

वहीचं जाऊ द्या. तुमी लिहिलं का डोहासाठी गळ घालते, ते वाचून घरात दिवाळी झाली. आमी गरी म्हनतो, पन गळ म्हंजे गरीच, हे चौथीच्या पुस्तकात होतं. मी दुसऱ्याच दिवशी साहेबाकडे गेलो. म्हनलं, साहेब, हेडक्लार्कसाहेबाची पोरगी नागपूरवरून येऊन राह्यली, आमच्यासाठी डोहात गळ घालाले. तिनं त्या टाइमचं सारं डोयानं पाह्यलं हाय, ते कागदापेक्षा पक्की.

साहेब म्हनले, "पोरगी? वय काय?"

म्हनलं, साठीच्या आतबाहेर.

ते खूप हसले. म्हनले, "येऊ द्या. मलाही पाहायचं आहे." आन्‌ यादी फेब्रुवारीच्या शेवटपर्यंत खुली ठेवली. तुमच्या एका शब्दानं महिना भेटला, बाई.

माय म्हनते, ते निळ्या झग्यावाली पोरगी का? ते त्या दिवशी मोठ्या खडकावर बसून लिहून राह्यली होती. मासा वर काढला तवा बी तिनं मान वर केली, पाह्यलं, आन्‌ पुन्हा लिहाले लागली. मायले अजून याद हाय.

बाई, तुमी काय लिहून राह्यल्या होत्या?

कधी येता ते कळवा. रस्ता आता सुका हाय.

वारलू


नागपूर
४ जानेवारी १९५७

श्री. वारलू मेश्राम यांस सप्रेम नमस्कार.

चिरंजीव लिहिलं त्याची लाज वाटली. माझ्या मनात तुम्ही अजून पाण्यात उभे आहात आणि मी खडकावर आहे. चव्वेचाळीस वर्षं मध्ये गेली हे माझ्या लेखणीला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून या पत्रापासून तुम्ही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. आमच्या बोलण्यात गळ घालणे म्हणजे विनवणी करणे. मी तुम्हाला एवढीच विनंती केली होती की साहेबांशी वाकडं घेऊ नका. मासे धरायला येते असं मी लिहिलं नव्हतं. माझ्याकडे स्वयंपाक करणाऱ्या नीलाबाईंना हे सांगितलं, तर त्या पोळी तव्यावर ठेवून मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, "आता जा. तोंडातून गेलं ते गेलं." पण माझे गुडघे दुखतात आणि मी आयुष्यात एकही मासा धरलेला नाही. कृपा करून साहेबांना चूक सांगा.

रुखमाबाईंची आठवण बरोबर आहे. मी लिहीत होते. साहेब दिवसभराची टिपणं पेन्सिलीने करत. अक्षर वाईट. वडील ती मला शाईने उतरवायला देत, कारण माझं अक्षर कॉन्व्हेंटचं होतं. ते अक्षर मला सिस्टर अगाथांनी दिलं. त्यांनी नावही दिलं होतं. इंदुमती त्यांच्या जिभेला जड जाई, म्हणून हजेरीत मी आयडा. पुढच्या बाकांवर गोऱ्या आणि अर्ध्या गोऱ्या मुली, मग पारशी, मग आम्ही दोघी-तिघी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. आम्ही आपणहून तिथे जाऊन बसत असू. सात वर्षं मी आयडा या हाकेला ओ दिली आणि मला त्यात काही खटकलं नाही. उलट सुट्टीत घरी कुणी इंदू म्हटलं की वाटे, हे जरा गावंढळ आहे.

मी वही उतरवत होते, एवढंच.

तुम्हाला एक विचारते. त्या दिवशी तुमच्या वडिलांनी कोणती माशी लावली होती, हे आठवतं का?

इंदुमती


कोसमघाट
२३ जानेवारी १९५७

इंदुबाईले रामराम.

तुमी म्हनू नका, परकं वाटते. तू बी नको, भागीरथा चिडवते. जे जमन ते लिहा.

विनवणीचं मायले वाचून दाखवलं. ते म्हनते, "त्याईच्यात विनवाले बी गरीच लागते काय? मंग ज्याले विनवते त्याचं काही खरं नाई." मी नाई हसलो, बाई. साहेबाले मी काही सांगतलं नाई. हिंमतच झाली नाई. सांगतलं तर यादी त्याच दिवशी बंद. साहेब रोज इचारते, "तुझी गळवाली बाई कधी येणार?" मी म्हनतो, येऊन राह्यली.

माशीचं इचारलं तुमी. माशी नोती ते. फूल होतं.

लंबरसाहेबाच्या विलायती माशा या पान्यात चालत नोत्या. लहान मासे येत, मोठा खाली बसून पाहे. मार्चात डोहावर मोह गळते. काठावरचं झाड पान्यावर वाकलं होतं, फूल पडलं का मासा वर येऊन गिळे. माहा बाप आठ दिवस नुसता पाहत राह्यला. मंग त्यानं साहेबाचा फाटका मोजा मांगतला, पांढऱ्या-पिवळ्या लोकरीचा. त्याची लोकर गरीवर गुंडाळून मोहाचं फूल केलं. साहेबानं पाह्यलं आन्‌ आपली काठी त्याच्या हातात देली. म्हनला, "सोमाजी, तुम डालो." तीन बार टाकलं. चौथ्या बारीले पानी फुटलं. साहेब जाळी घेऊन पान्यात धावला, पडला, उठला, टोपी वाहून गेली. मी इतका हासलो का बापानं मांगं न पाहता मले शिवी देली.

अजून एक सांगतो. बाप डेबरा होता. सारी कामं डाव्या हातानं. त्याच्या सुताचा वेढा उलटा जाये, आन्‌ गाठ जाळ्याची, आमच्या घरची. त्याचं फूल हजारात ओळखू येईन. पन ते आता कुठी असन? साहेब जाताना डबी घेऊन गेला असन.

बाई, मी तुमाले खोटं पाडाले नाई लिहून राह्यलो. तुमच्या वहीत तसं हाय तर तसं हाय. पन मंग मी जे पाह्यलं ते काय होतं?

वारलू


नागपूर
८ फेब्रुवारी १९५७

वारलूभाऊ,

साहेब डबी घेऊन गेले नव्हते. जाताना वडिलांना देऊन गेले. ती याच ट्रंकेत आहे. तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी ती उघडली. विलायती माशांना कसर लागली आहे. पिसं झडून नुसते गळ उरलेत. एका कोपऱ्यात लोकरीचं एक पिवळट बोंड आहे. भिंग घेऊन खिडकीशी पाहिलं. सुताचा वेढा उलटा आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते.

डिसेंबरात मी तुम्हाला शाईची वही सांगितली. पेन्सिलीची सांगितली नाही. तीही माझ्याकडे आहे. वडिलांनी कागद कधी टाकला नाही. २८ मार्चच्या पानावर साहेबांच्या वाईट अक्षरात आहे त्याचं मराठी असं: "आज सोमाजीने मासा धरला, त्याच्याच मोहफुलावर. एकतीस पौंड. मी जाळी धरली. बाकी माझा काही उपयोग झाला नाही."

मी शाईने उतरवलं ते असं: "आज मी मासा धरला. एकतीस पौंड. सोमाजीने जाळी धरली."

मला कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी नाही, साहेबांनी तर नाहीच. मी तेरा वर्षांची होते आणि व्याकरणात वर्गात पहिली. सिस्टर अगाथा चुकलेल्या कर्त्याखाली तांबडी रेघ मारत. साहेब मासा धरतात आणि नोकर जाळी धरतो, हे मला व्याकरणाइतकं पक्कं ठाऊक होतं. मला वाटलं, साहेब दमले असतील, घाईत नावांची अदलाबदल झाली असेल. मी ती दुरुस्त केली. मासा मी डोळ्यांनी पाहिला होता, रुखमाबाई म्हणतात ते खरं आहे. मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागले.

संध्याकाळी साहेबांनी पान वाचलं. माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते. मग सही केली. एका मुलीचं वळणदार अक्षर खोडणं त्यांच्या जिवावर आलं असेल. किंवा ते वाक्य त्यांनाही बरं वाटलं असेल. ते मला कधीच कळणार नाही. वडिलांनी त्या पानावरून पाटी रंगवून घेतली आणि घरी आल्यावर आईला सांगितलं की इंदूच्या अक्षरावरून रंगाऱ्याने काढली.

वडील १९३१ साली गेले. ट्रंक आवरताना दोन्ही वह्या मी समोरासमोर ठेवून वाचल्या. तेव्हा मला कळलं. तेव्हाच कुणाला तरी लिहायला हवं होतं. तुमचे वडील त्या वेळी होते का? मी ट्रंक बंद केली आणि सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वाक्यांखाली तांबड्या रेघा मारत राहिले.

तुमच्या घराचं नाव यादीबाहेर पडलं तर ते नव्या साहेबांमुळे पडणार नाही, माझ्या अक्षरामुळे पडेल. वही टपालाने पाठवावी असं प्रथम वाटलं. पण पेन्सिलीचं इंग्रजी तिथे वाचून कोण दाखवणार, आणि उलटं कुणी केलं हे कोण सांगणार?

गफ्फारभाईंशी बोलले आहे. २६ तारखेला त्यांच्या मोटारीने निघते. दोन्ही वह्या आणि डबी बरोबर आणते. गळ घातली असं तुम्ही सांगून बसलाच आहात, तर तीही घालते. कशी घालतात ते काठावर शिकवा. नीलाबाईंनी गुडघ्यांसाठी तेल दिलं आहे.

इंदुमती


कोसमघाट
२० मार्च १९५७

इंदुबाईले रामराम.

तुमी सुखरूप पोचल्या हे गफ्फारभाईनं सांगतलं. तुमचा चष्मा सापडला. माह्या पोरानं, इतवारीनं, तीन दिवस बुड्या मारल्या. एका काचेले चीर हाय. फडक्यात बांधून याच मोटारीनं पाठवून राह्यलो.

भागीरथा अजून सांगते सगळ्याईले. बाईनं पयली बार गरी फेकली ते अर्जुनाच्या झाडावर. दुसरी साहेबाच्या कोटाले. मंग म्हनल्या, वारलूभाऊ, तुमी टाका, मी टोपली धरतो. आन्‌ बापाच्या जागी जाऊन उभ्या राह्यल्या. माही दोरी मांगं आली तवा तुमी मान खाली नाई केली, बाई! मान खाली कराची राहते, हे तुमाले मालूम होतं ना? तुमीच लिहिलं होतं. चष्मा उडून डोहात गेला तवा साहेब बी हासले नाई. मले भेव वाटला का डोळा गेला.

पयल्या बारीले अडकलं ते बापाचं जुनं फूल झाडावरच हाय. मायनं ते जपून ठेवाले नाई म्हनलं होतं, "पान्यासाठी केलं, पान्यात जाऊ द्या." ते पान्यात बी नाई गेलं. मी काढाले चढलो नाई. हवा आली का हालते.

तुमी गेल्यावर साहेबानं पेन्सिलीची वही पुन्हा वाचली. त्याईनं मोठ्यानं वाचलं, "मी जाळी धरली, बाकी माझा काही उपयोग झाला नाही." तिसऱ्या दिवशी बोलावलं आन्‌ फारम समोर ठेवला. आमच्या घराचं नाव यादीत आलं, बाई. सोमाजी मेश्राम यांचे घर. मायले वाचून दाखवलं तर ते म्हनते, पुन्हा वाच.

पन एक घोटाळा हाय. फारमात एक खाना हाय, प्रयोजन. साहेब म्हनते, तिथं शौक लिही. नियम शौकीन लोकाईसाठी हाय, धंदा लिहिला तर वरचे लोक वापस पाठवतीन. मी म्हनलं, साहेब, शौक कसा लिहू? घरची हांडी याच्यावर चढते. ते म्हनले, "एक शब्द आहे रे, लिहून टाक." मी म्हनलं, बाईले इचारतो. ते म्हनले, "विचार." सही अजून केली नाई.

बाई, काय लिहू?

दुसरं, पाटी नव्यानं रंगवाची हाय. अहेरीवरून फारूक पेंटर येनार. साहेब म्हनले, मजकूर बाईंनीच पाठवावा.

वारलू


नागपूर
६ एप्रिल १९५७

वारलूभाऊ,

चष्मा मिळाला. चिरेतून पाहिलं की प्रत्येक ओळ दोनदा दिसते. नवा करायचा आहे, अजून केला नाही.

मान खाली करायची हे मला ठाऊक होतं. पण ते दुसऱ्याची मान पाहून ठाऊक होतं. आपल्या मानेला ते निराळं शिकावं लागतं.

पाटीचा मजकूर वेगळ्या कागदावर, मोठ्या अक्षरात लिहिला आहे. मासा एकतीस पौंड, २८ मार्च १९१२. धरणारा सोमाजी मेश्राम. जाळी धरणारे लँबर्न साहेब. पेन्सिलीच्या वहीत आहे तेवढंच, मी काही वाढवलं नाही.

फारमात काय लिहावं ते मी सांगणार नाही. रागावू नका. लँबर्न साहेब शौक लिहू शकत, कारण त्यांच्या घरची हांडी पगारावर चढत होती. तुमच्या वडिलांनी त्याच पाण्यात, त्याच काठीने तोच मासा धरला आणि त्याला शौक म्हणायची कुणी परवानगी दिली नाही. आठ दिवस मासा काय खातो ते नुसतं पाहत बसणारा माणूस शौकीन नव्हता, असंही मला म्हणवत नाही. याच्यापुढे मला कळत नाही. मी एकदा या डोहाचं वाक्य सुधारलं आहे. हे तुम्ही लिहा.

इंदुमती


कोसमघाट
९ जून १९५७

इंदुबाईले रामराम.

आभाळ भरून आलं. ही मोटार गेली का चार महिने रस्ता बंद, म्हून घाईत लिहून राह्यलो.

खान्यात मी लिहिलं, रोजचा शौक. साहेबानं पाह्यलं, म्हनले, "हे काय?" म्हनलं, जे हाय ते हाय. त्याईनं शिक्का मारला. वरून अजून वापस आलं नाई.

पाटी लागली. तुमचा कागद फारूकच्या झोळ्यात भिजून गेला. बापाचं नाव त्यानं बराबर काढलं, मी बाजूले उभा होतो. मंग त्यानं इचारलं, जाळीवाल्याचं नाव काय? मले जसं येते तसं सांगतलं. त्यानं तसंच काढलं. आता वऱ्हांड्यात हाय, जाळी धरणारे लंबरसाहेब. साहेब म्हनले, नाव चुकलं. फारूक म्हनते, रंग वाळला, आता दुरुस्त होत नाई.

मायले वऱ्हांड्यात उचलून नेलं. वाचता येत नाई तिले. तिनं बोटानं अक्षरं चाचपली आन्‌ म्हनली, यातला डेबरा कोनता?

मार्चात मोह गळन तवा याचं. गळ घालतो, बाई. तुमच्यावाली. आमच्यावाली इथी तयार हाय.

वारलू